पन्नास डॉलरचे झाकण

गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. घर घेऊन दोन वर्षे झाली, मागे बऱ्यापैकी परस आहे, तेव्हा आता एक ग्रिल घ्यावे म्हणतो. दुकानात कोळशाचे २०० डॉलरचे आहे, गॅसचे २५० चे आहे आणि गॅसचेच ९०० चेही आहे. “मामा, महागातलं घेण्यात काही अर्थ आहे का? तू वाचतोस एवढं, तुझं मत सांग.” ग्रिल म्हणजे खिडकीला बसवतात ते, एवढीच माझी या विषयातली गती. पण वस्तूची किंमत हा इतिहासाचा विषय आहे, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, त्यामुळे प्रश्न झटकून टाकता येईना. उत्तर द्यायला मला चार महिने लागले.

वस्तू पाहिली तर ओळखीचीच आहे. खाली निखारा, वर जाळी, जाळीवर भाजायचा पदार्थ. आपली शेगडी, फक्त पाय उंच. मात्र अमेरिकेत ती आली ती वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर प्रदीर्घ काळ ती ‘वस्तू’च नव्हती.

कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांमध्ये ओल्या काटक्यांच्या माचणाला ‘बार्बाकोआ’ म्हणत. त्यावर धान्य साठवायचे, झोपायचे आणि खाली मंद जाळ करून मासे-मांस भाजायचेही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने हा शब्द टिपून ठेवला आणि तो इंग्रजीत ‘बार्बेक्यू’ झाला. पुढे व्हर्जिनिया, कॅरोलायना या दक्षिणेकडच्या वसाहतींत बार्बेक्यू म्हणजे गावजेवण झाले. जमिनीत लांब चर खणायचा, कठीण लाकडाचे निखारे करून त्यात पसरायचे, वर आडव्या काठ्यांवर अख्खी डुकरे ठेवून रात्रभर भाजायची. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत अशा बार्बेक्यूंना गेल्याच्या नोंदी आहेत. निवडणुकीच्या सभांना तर हे जेवण हटकून असे. रात्रभर जागून निखाऱ्यांवर नजर ठेवणारे, कुठे किती आच हवी हे हाताने जोखणारे लोक बहुतांशी गुलाम होते. या प्रकारात भांड्याचा खर्च शून्य. खर्च होता तो जनावराचा, लाकडाचा आणि ज्यांना मजुरीच द्यायची नव्हती अशा माणसांच्या रात्रींचा. आच आवरण्याचे सगळे ज्ञान माणसात होते, उपकरणात काहीच नव्हते. पुढची गोष्ट एका परीने हे ज्ञान माणसातून काढून पत्र्यात घालण्याची आहे.

त्यासाठी आधी जळण सुटसुटीत व्हावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर हेन्री फोर्डच्या मोटारींना लाकूड फार लागत असे. मॉडेल टी या गाडीच्या सांगाड्यात, चाकांत लाकूडच होते. एडवर्ड किंग्जफर्ड हा फोर्डच्या चुलतबहिणीचा नवरा. त्याच्या मदतीने फोर्डने मिशिगन राज्यात आयर्न माउंटन गावाजवळ तीन लाख एकरांहून अधिक जंगल घेतले आणि तिथे लाकूड कापण्याचा कारखाना काढला. कापणीतून भुसा आणि ढलप्यांचे डोंगर साचू लागले. वाया जाणारी कुठलीही गोष्ट फोर्डला बघवत नसे. ओरेगन विद्यापीठातल्या ऑरिन स्टॅफर्ड या रसायनशास्त्रज्ञाची युक्ति वापरून त्या कचऱ्याचा कोळसा केला, चुरा स्टार्चमध्ये कालवून त्याच्या उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या. आपल्याकडे कोळशाच्या चुऱ्यात शेणमाती कालवून गोळे वळत, त्याचीच ही कारखानी आवृत्ती. या वड्या फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतूनच विकल्या जात. सहलीला जा, त्यासाठी गाडी घ्या आणि गाडीबरोबर कोळसाही घ्या, असा सगळा हिशेब. १९५१ साली हा धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला आणि कोळशाला किंग्जफर्ड हे नाव मिळाले. ते आजही अमेरिकेतल्या वाण्याकडे दिसते.

दुसरे महायुद्ध संपले आणि परत आलेल्या सैनिकांसाठी सरकारने घरकर्जाची सोय केली. शहराबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या चार वर्षांत १७ हजारांवर घरे बांधली गेली. प्रत्येक घरामागे हिरवळीचा तुकडा. चर खणायला त्यात जागा नव्हती आणि गावजेवण घालायला गावही नव्हते. होते ते एक कुटुंब, फार तर शेजारचे दुसरे. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांनी तिथे राहू नये असे कलमच होते. निखाऱ्यावर मांस भाजण्याची विद्या ज्यांच्या पिढ्यांनी त्या देशात घडवली, त्यांना त्या परसांत जागा नव्हती. जाहिरातींतून मात्र त्या परसांत एक नवा आचारी अवतरला. ॲप्रन बांधलेला, हातात चिमटा घेतलेला, गोरा गृहस्थ. रोजची चूल बायकोची आणि रविवारची शेगडी नवऱ्याची, अशी ही वाटणी होती. मसाला लावून देणे, कोशिंबिरी करणे आणि नंतर भांडी घासणे कुणाकडे राहिले, हे जाहिरातीत नसे.

या गृहस्थाला आच आवरण्याचे ज्ञान नव्हते, आणि त्याला मिळालेले उपकरणही त्याबाबतीत मदत करणारे नव्हते. तीन पायांवरची पत्र्याची उथळ परात, वर जाळी. झाकण नाही. परातीतल्या निखाऱ्यांना हवा अमर्याद मिळते, मांसातली चरबी ठिबकली की भडका उडतो, बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे असा प्रकार होतो. वारा आला की राख थेट ताटात. पण परात स्वस्त होती आणि दोन उन्हाळ्यांनी गंजली तर नवी घेता येई.

शिकागोच्या एका उपनगरात राहणारा जॉर्ज स्टीफन अशाच परातीला वैतागला होता. घरात बारा मुले, म्हणजे एका वेळी भाजायचे तेही थोडेथोडके नाही. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्रेकामाच्या कारखान्यात होता. तिथे पोलादी अर्धगोल एकमेकांना सांधून पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोया तयार होत. १९५२ साली त्याने असाच गोल घेतला. खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ लावून झाकण केले. कंपनी सांगते ती हकिकत अशी की, पहिल्यांदा झाकण ठेवताच विस्तव गुदमरून विझू लागला आणि मग शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्याने झाकणाला भोके पाडली. हकिकत खरी असो वा सजवलेली, सगळे मर्म त्या भोकांतच आहे. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या भोकांतून धूर जातो. झडप अर्धी लावली की विस्तव मंदावतो, पूर्ण उघडली की फुलतो. झाकणामुळे भडक्याला लागणारी जादा हवा तुटते, उष्णता वरून परतते आणि शेगडी एकाच वेळी भट्टीही होते. निखारे एका कडेला सारून दुसऱ्या कडेला अख्खी कोंबडी ठेवली की ती तासाभरात आतपर्यंत शिजते. रात्रभर चराशेजारी बसणाऱ्या माणसाचे निम्मे काम दोन झडपांनी केले.

आणि याची किंमत? जवळपास ५० डॉलर. त्या काळी कारखान्यातल्या कामगाराला तासाला दीड-पावणेदोन डॉलर मिळत, म्हणजे तीसेक तासांची मजुरी. परात याच्या किरकोळ अंशात येत असे. आजच्या पैशांत ते ५० डॉलर सुमारे ६०० होतात. परसातल्या शेगडीला एवढे का मोजायचे, हा भाच्याचा प्रश्न १९५२ साली प्रत्येक गिऱ्हाईकाने विचारला असणार. त्या वेळी त्याचे खरे उत्तर ‘हो’ असे होते, कारण स्वस्त वस्तू ते काम करूच शकत नव्हती. तरीही लोकांनी घेतले आणि दशक संपण्याच्या सुमारास स्टीफनने तो कारखानाच विकत घेतला. पोलादावर काचेचा थर भाजून बसवायचा, म्हणजे आपल्या जुन्या एनॅमलच्या मगांवर असतो तसा, त्यामुळे गंजाचा प्रश्नही बराचसा मिटला.

भाच्याला दुकानात दिसलेले २०० डॉलरचे कोळशाचे ग्रिल याच जातीचे आहे. सत्तर वर्षांपूर्वीची महागडी चैन आज तिसऱ्या हिश्श्याच्या खऱ्या किमतीत कोपऱ्यात ‘स्वस्तातले’ म्हणून उभी आहे. म्हणजे झाकणाचे पैसे आता मोजावे लागत नाहीत. मग ९०० डॉलर कशाचे?

पहिली गोष्ट वेळेची. गॅसची ग्रिले १९६०च्या दशकात पसरू लागली. त्यामागे गॅस विकणाऱ्या कंपन्यांना उन्हाळ्यातही गिऱ्हाईक हवे होते, हेही एक कारण. कोळसा फुलायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, गॅस खटका दाबताच पेटतो. चव जाते अशी तक्रार तेव्हापासून आहे आणि ती निम्मीच खरी आहे. भाजक्या पदार्थाचा तो वास बराचसा येतो चरबी आणि रस तापल्या पृष्ठभागावर पडून त्यांची वाफ होते त्यातून. म्हणून गॅसच्या ग्रिलात बर्नरवर आधी लाव्हाचे दगड ठेवत. १९८५ साली वेबरच्याच ‘जेनेसिस’ ग्रिलात दगडांऐवजी घराच्या छपरासारख्या उताराच्या पट्ट्या आल्या. रस पट्टीवर पडतो, धूर होतो, उरलेले ओघळून जाते आणि बर्नर बुजत नाहीत. ही शेवटची सुधारणा, जिने परसातल्या गृहस्थाचे जेवण खरोखर बदलले, असे माझे मत झाले आहे.

त्यानंतर चकाकी आली. १९९०च्या दशकात हॉटेलांच्या स्वयंपाकघरासारखी स्टेनलेस स्टीलची ग्रिले निघाली आणि किंमत हजारांत गेली. मातीच्या जाड भिंतीची, जपानी चुलीच्या घडणीची ग्रिलेही आहेत. ‘कामादो’ या जपानी शब्दाचा अर्थच चूल. महायुद्धानंतर जपानहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती घरी नेली आणि १९७४ साली अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ हा धंदा उभा राहिला. थोड्या कोळशात बारा-बारा तास एकसारखी आच देण्यात तिला तोड नाही, पण बारा तास शिजवायचे आहे कुणाला? लाकडाच्या गोळ्या विजेने आपोआप सरकवणारी ग्रिले ओरेगनमधून आली. त्यांत आच सांभाळायला आता इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, आणि ती बिघडली की निखारा असूनही जेवण नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत बीटीयूचा आकडा छापतात त्याबद्दलही लिहायला हवे, कारण भाचा त्याच आकड्याने भारावला होता. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू. खोक्यावरचा आकडा तासाला किती गॅस जळेल ते सांगतो, जाळी किती तापेल ते नव्हे. ३६ हजारांचा आकडा ४५० चौरस इंच जाळीला असेल तर इंचाला ८० येतात, तोच ६०० चौरस इंचांना असेल तर ६०. मोठे आणि महाग ग्रिल त्यामुळे लहानापेक्षा थंडही निघू शकते. त्यातून पत्रा पातळ आणि झाकण फटींचे असेल तर तेही बाहेर जाते.

उरला टिकाऊपणा. समजा, २५० डॉलरच्या गॅसच्या ग्रिलाचे बर्नर चार वर्षांत गंजून गेले आणि ९०० वाले पंधरा वर्षे चालले. वर्षाला दोन्हींचा खर्च साठएक डॉलर. म्हणजे महागात तोटा नाही, पण फायदाही नाही, आणि पंधरा वर्षे चालेलच याला आधार फक्त बर्नरवरच्या हमीच्या वर्षांचा. याउलट एनॅमलची कोळशाची किटली पंधरा वर्षे राहिली तर वर्षाला तेरा-चौदा डॉलर, कोळसा वेगळा. आकड्यांकडे असे पाहिल्यावर भाच्याचा प्रश्न महाग की स्वस्त हा नव्हताच. दर शनिवारची ती वीस-पंचवीस मिनिटे त्याला हवी आहेत की विकत घेऊन टाळायची आहेत, एवढाच तो होता.

सप्टेंबरात मी फोन केला आणि आधी त्यालाच विचारले, की उन्हाळाभर शेजाऱ्याचे ग्रिल मागून आणत होतात, त्यावर भाजले काय? त्याने बायकोला हाक मारली. तिने मोजून सांगितले. मक्याची कणसे जवळजवळ दर आठवड्याला, भरताची वांगी पाच-सहा वेळा, पनीर, ढोबळी मिरची, आणि कोंबडी दोनदा, तीही तुकडे करून. कणसाला आणि वांग्याला उघडा निखारा हवा असतो. झाकणसुद्धा नको.

“म्हणजे परातच पुरे की,” तो म्हणाला. मी म्हटले, दोनशेवाले घे, झाकण बाजूला काढून ठेवता येते आणि कधी अख्खी कोंबडी करावीशी वाटली तर आहे. शिवाय एक सुचवले. तरीही ९०० वाल्यावर जीव असेल, तर दुकानात जाताना फ्रिजवरचे लोहचुंबक खिशात ने. निकेल असलेल्या चांगल्या स्टेनलेस स्टीलला ते सहसा चिकटत नाही, वाकवलेल्या कडांवर थोडेसे ओढ घेते इतकेच. निकेल नसलेल्या स्वस्त पत्र्याला लगेच चिकटते.

तो गेला. दुकानातूनच त्याने फोटो पाठवला. झाकणावरून चुंबक घसरून पडले होते, पण बाजूच्या दारांना आणि आतल्या बर्नरच्या पेटीला घट्ट बसले होते. आमच्या देवघरातल्या गणपतीचे ते चुंबक, मागच्या भेटीत बहिणीने नेलेले. विक्रेता शेजारी उभा राहून काहीतरी समजावत असावा, त्याचा हात फोटोत अर्धा आला आहे. खाली भाच्याने एवढेच लिहिले होते: “कोळसा लोणारी मिळतो का इथे, ते बघतो.”