न उडालेला बार : 'फसलेल्या' प्रयत्नांचे एक भौतिक वाचन

सशस्त्र क्रांतिकारकांच्या चरित्रपर लेखनात 'प्रयत्न फसला' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो सोयीचा असला तरी त्याखाली परस्परांहून भिन्न असे तीन प्रकार झाकले जातात. ७ नोव्हेंबर १९०८ रोजी कोलकात्याच्या ओव्हरटून हॉलमध्ये जितेंद्रनाथ रायचौधुरी यांनी नायब राज्यपाल सर अँड्र्यू फ्रेझर यांच्यावर रिव्हॉल्व्हर रोखले. चाप ओढला, परंतु बार उडाला नाही. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांची गोळी हंगामी राज्यपाल हॉटसन यांना लागली; मात्र खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणाने ती अडवली, असे सर्वश्रुत आहे. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचा नेम चुकला. पहिल्या प्रसंगी शस्त्राने साथ दिली नाही, दुसऱ्यात लक्ष्य वाचले, तर तिसऱ्यात हात चुकला. तिन्हींना दैवयोगाच्या एकाच सूत्रात ओवणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे.

यांपैकी पहिला प्रसंग विशेष विचारार्ह ठरतो. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की घोडा मागे जाऊन पुढे आदळतो आणि काडतुसाच्या बुडातील टोपीवर आघात होतो. टोपीतील स्फोटक पेटून दारू पेटते. बार न उडाल्यास पहिली तपासणी त्या टोपीचीच होते. तिच्यावर खोल खूण उमटली असेल, तर संशय काडतुसावर येतो : ते जुने असेल, दमट जागी राहिले असेल. खूण उथळ असेल, तर घोड्याची स्प्रिंग मऊ पडलेली किंवा टोचणी झिजलेली असते. खूण मध्यभागी नसून एका बाजूला असेल, तर फिरते चक्र नळीच्या रेषेत नीट थांबत नाही, असे समजावे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. म्हणून एखादे काडतूस फुसके निघाले तरी शस्त्र निकामी ठरत नाही. एकामागून एक काडतुसे मात्र फुसकी निघू लागली, तर संशय सगळ्या साठ्यावर किंवा यंत्रावरच जातो. काडतूस बदलणे सोपे आणि स्प्रिंग बदलणे कुशल कारागिराच्या आवाक्यातले. चक्राची जुळणी बिघडली की शस्त्र कारखान्याकडेच पाठवावे लागते.

परंतु कारखान्याकडे शस्त्र पाठवायचे, तर त्या शस्त्राला ओळख हवी : परवाना, क्रमांक, मालकाचे नाव. १८७८ च्या शस्त्रकायद्याने नेमकी हीच ओळख सामान्य भारतीयाला दुर्लभ केली होती. आज जेथे न्यू टाउनची वसाहत उभी आहे, त्या राजारहाटच्या शेतापाणथळींपासून दमदमचा दारूगोळा कारखाना फार दूर नव्हता. हुगळीकाठी काशीपूरचा तोफांचा कारखाना होता, आणि आणखी उत्तरेस ईशापूरचा रायफल कारखाना १९०४ पासून चालू होता. ज्या महानगराच्या परिसरात साम्राज्याची शस्त्रविद्या एवढ्या प्रमाणात एकवटली होती, तेथेच एका तरुणाला हातातील शस्त्र निर्धास्तपणे तपासून घेण्याची सोय नव्हती.

या अडचणीवरचे उत्तर क्रांतिकारकांनी पुरवठ्यातून शोधले. सावरकरांनी लंडनहून पाठविलेली २० ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह आली होती. त्यांतीलच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळविण्यात आली. एका बनावटीची शस्त्रे आणि त्यांनाच जुळणारी काडतुसे एकत्र हाती आल्याने दुरुस्तीचा प्रश्न निदान काही काळ मागे पडत होता. या दोन घटना धाडसाच्या म्हणून वर्णिल्या जातात. त्या तितक्याच विश्वसनीयतेच्या शोधाच्याही आहेत.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने येथे एक भाषिक मुद्दा उपस्थित होतो. मराठीत 'फुसका बार' हा वाक्प्रचार उपहासाचा आहे. न उडालेल्या दारूचा दोष तो नकळत माणसाच्या माथी मारतो. चरित्रकार मात्र तोच दोष नियतीकडे सोपवतो. दोन्ही मांडण्यांत काडतूस, स्प्रिंग आणि परवाना दृष्टिआड होतात. ओव्हरटून हॉलमधील तरुणाने चाप ओढला होता. त्याच्या निश्चयाची कसोटी तेथेच पूर्ण झाली. त्यानंतर काय घडले हा धातू, दारू आणि कायदा यांचा इतिहास आहे, आणि तो स्वतंत्रपणे लिहिला गेला तरच 'फसला' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे ठरविता येईल.