रामन आणि मृदंगाची शाई

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९८७ पासून तो साजरा होतो आणि शाळाशाळांतून सर सी. व्ही. रामन यांच्यावर भाषणे होतात. नोकरीच्या वर्षांत मी अशी पुष्कळ ऐकली. समुद्राचा निळा रंग, प्रकाशकिरण, १९३० चे नोबेल, की संपले भाषण. मी पडलो मराठीचा बी.ए.; मला ओढ वाटते ती त्याआधीच्या रामन यांची. गाण्याचा कान असलेल्या रामन यांची.

घरात संगीत होतेच. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवायच्या. १९०७ साली रामन कलकत्त्याला सरकारी अर्थखात्यात लागले. दिवसभर हिशेब, आणि कचेरीच्या आधी-नंतर बहुबाजारातली प्रयोगशाळा. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये काढलेली ती संस्था. तिथे त्यांनी व्हायोलिन, वीणा, तंबोरा यांचा कसून अभ्यास केला. मग वळले मृदंग आणि तबल्याकडे.

कोडे असे होते. तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात आणि ते एकमेकांत मिसळून जातात. ताणलेल्या कातड्याचे तसे नाही. त्यातून मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडवेतिडवे स्वर निघतात. म्हणून नुसत्या कातड्याचा ठोका ऐकू येतो, पण सूर नीट लागत नाही. आपला तबला तर गायकाच्या षड्जात मिळवतात! हे कसे?

उत्तर होते मधल्या काळ्या शाईत. लोखंडाची भुकटी आणि भाताची खळ एकत्र करून, थरावर थर देत, दगडाने घोटून ती बसवतात. तिच्या वजनाने कातड्याची कंपने बदलतात आणि ते आडवेतिडवे स्वर दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात येऊन बसतात. १९२० साली एस. कुमार यांच्यासह रामन यांनी हे 'नेचर'मध्ये मांडले. १९३४ च्या लेखात तर कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याच दाखवल्या. नऊ तऱ्हांची कंपने, पण स्वर पाचच, आणि पाचही सुरेल.

रामन यांनी हे मृदंग घडवणाऱ्या पूर्वजांचे कौतुक मनापासून केले. पण ते पूर्वज कोण? दक्षिणेत मृदंगाला कातडे चढवणारे बहुतेक दलित कारागीर. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तोवर त्यांची नावे कुणी फारशी विचारली नव्हती. वाजवणाऱ्याला मैफलीत शाल मिळाली, कोडे उलगडणाऱ्याला 'सर' किताब मिळाला. मूळ शोध ज्यांनी हाताने आणि कानाने लावला, ते मात्र दाराबाहेरच राहिले. इतिहास लिहिणाऱ्यांची ही जुनीच खोड.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना एक सुचवतो. येत्या विज्ञान दिनी वर्गात डफ आणि तबला शेजारी ठेवा. मुलांना फरक कानांनी कळेल. आणि प्रमुख पाहुणे म्हणून गावातल्या तबला दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. शाई कशी भरतात, ते त्याच्या तोंडून ऐकू द्या. रामन असते तर पहिल्या बाकावर बसले असते, असे आपले मला वाटते.