भांडं रिकामं आहे का?

आज माझ्यासमोर टेबलावर एक कॅमेरा आहे. 25 बाय 24 मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा. नाव रास्पबेरी पाय एआय कॅमेरा. 30 सप्टेंबर 2024 ला तो बाजारात आला, किंमत 70 डॉलर. तुमच्या फोनमधले कॅमेरे याच्यापेक्षा कितीतरी देखणे फोटो काढतात, त्यामुळे त्या बाबतीत याचं कौतुक नको. पण याची गोष्ट भारी आहे, आणि ती सुरू होते कॉफीच्या भांड्यापासून.

साल 1991. केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅबोरेटरी. 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच मशीन. लांबच्या खोल्यांतले संशोधक जिने चढून-उतरून यायचे आणि भांडं रिकामं! शेवटी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की या दोघांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र नेटवर्कवर सोडलं. 128 बाय 128 पिक्सेल, तेही काळं-पांढरं, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारं. 1993 मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातले लोक केंब्रिजची कॉफी बघत बसले. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. 22 ऑगस्ट 2001 ला तो बंद झाला.

आता नीट बघा, तो कॅमेरा काय करत होता? फक्त चित्र पाठवत होता. भांडं भरलेलं आहे की रिकामं, हे ठरवायला प्रत्येक वेळी माणसाचा डोळा लागायचाच.

त्याच केंब्रिजमध्ये काही वर्षांनी एबेन अप्टन यांना वेगळीच काळजी लागली होती. कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमी होतायत, आणि जी येतायत त्यांनी मशीन उघडून बघितलेलंच नाही. मग स्वस्तातला, एकाच बोर्डवर बसणारा कॉम्प्युटर काढायचं ठरलं. 29 फेब्रुवारी 2012 ला रास्पबेरी पाय आला, 35 डॉलरला. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याचा कॅमेरा आला: 25 डॉलर, 5 मेगापिक्सेल. हौशी मंडळी तुटून पडली. कुणी पक्ष्यांच्या घरट्यात लावला, कुणी दाराबाहेर.

पण हाही चित्रच पाठवायचा. दारात मांजर आहे की माणूस, हे ओळखायचं काम बोर्डच्या प्रोसेसरवर पडायचं आणि त्याची पार दमछाक व्हायची. 2017 मध्ये गूगलने पाय झीरोसाठी एक किट काढलं. त्यात या कामासाठी इंटेलच्या मोविडियस चिपचं वेगळं बोर्ड होतं. म्हणजे डोळा एकीकडे, मेंदू दुसरीकडे.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1969 साली विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी बनवला. डिजिटल कॅमेऱ्यांनी कित्येक वर्षं त्याच्यातून पाहिलं, आणि 2009 मध्ये त्या कामाला नोबेलही मिळालं. त्याच बेल लॅब्समध्ये 1989 साली यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिटांवरचे हाताने लिहिलेले पिनकोड वाचणारं न्यूरल नेटवर्क तयार केलं. डोळा आणि मेंदू, दोन्ही एकाच घरचे! आजचा सेन्सर सीमॉस जातीचा आणि आजची नेटवर्कं कितीतरी मोठी, पण वंश तोच.

या दोघांना एकाच खोलीत बसवलं सोनीने. मे 2020 मध्ये त्यांनी आयएमएक्स 500 हा सेन्सर जाहीर केला. वरच्या चिपवर पिक्सेल आणि खाली चिकटवलेल्या चिपवर एआयचं प्रोसेसिंग. चित्र बाहेर न पाठवता नुसतं उत्तर पाठवता येतं, म्हणून खासगीपणा जपला जातो, ही त्यातली मोठी गोष्ट. माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्यात हाच सेन्सर आहे, 12.3 मेगापिक्सेलचा. पायकडे तो चित्र पाठवतोच, पण सोबत उत्तरही येतं: 'माणूस, इतकी खात्री, चित्रात या चौकटीत'. त्यामुळे पाय झीरोसारख्या गरीब बोर्डालाही घाम फुटत नाही. अट एकच, नेटवर्क चिमुकलं हवं. सेन्सरच्या आत मेमरी फक्त 8 एमबी! तुमच्या फोनमधले दोन-तीन फोटो झाले की संपली.

पण उत्तर द्यायचं तर शब्द लागतात. ते शब्द कुणाचे?

कॅमेऱ्यासोबतचा नेहमीचा डेमो चालतो कोको नावाच्या संग्रहावर शिकलेल्या नेटवर्कने. 2014 मधला संग्रह, फोटो फ्लिकरवरचे, वस्तूंचे प्रकार 80. ती यादी मी एका संध्याकाळी चहा पीत वाचून काढली. जिराफ आहे, झेब्रा आहे, स्नोबोर्ड आहे, हॉट डॉग आहे. रिक्षा नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या चौकात समोरून रिक्षांची रांग गेली, तरी या नेटवर्ककडे त्यांच्यासाठी शब्दच नाही. ते कार म्हणेल, ट्रक म्हणेल, नाहीतर गप्प बसेल. चौकातल्या गाड्या मोजून कुणी सिग्नलची वेळ ठरवायची म्हटली, तर रिक्षा हिशोबातच येणार नाही. आणि चित्र जपून ठेवलं नसेल, तर ही चूक नंतर शोधणार कुठे?

आणि हो, त्या यादीत कप आहे, बाटली आहे, वाटी आहे. कॉफीचं भांडं मात्र नाही.

अर्थात यादी बदलता येते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या मंडळींनी आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी फिरवून इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट तयार केला. त्यात ऑटोरिक्षा हा स्वतंत्र वर्ग आहे. तसे फोटो घेऊन नेटवर्क शिकवायचं, मग त्यातले आकडे आठ-आठ बिटांत दाबून बसवायचे, म्हणजे ते त्या 8 एमबीत मावतं. कॅमेऱ्याच्या पाठीवर आरपी 2040 ही छोटी चिप आणि 16 एमबी फ्लॅश आहे, नवीन नेटवर्क साठवून सेन्सरमध्ये भरायला. एकदा भरलं की पुढच्या वेळी लवकर सुरू होतं.

मी सुरुवात केलीय. खिडकीतून रोज रिक्षांचे फोटो काढते आणि रात्री एकेका रिक्षाभोवती हाताने चौकट आखते. पाठीमागून, बाजूने, पावसात पडदा सोडलेली, छतावर गाद्या बांधलेली. आत्तापर्यंत 412 झाल्या. भांड्याचं नंतर बघू.