तीन तारखांचं गणित

एका रविवारी काही काम नव्हतं म्हणून मी सर्वोच्च न्यायालयाच्या आजवरच्या न्यायमूर्तींची यादी स्प्रेडशीटमध्ये भरायला घेतली. प्रत्येक नावापुढे तीन तारखा: जन्म, शपथ, निवृत्ती. माझी नोकरीच याद्यांशी खेळण्याची आहे, त्यामुळे सुट्टीतही दुसरं काही सुचत नाही. पण ही यादी भरता भरता एक गंमत लक्षात आली. या तीन तारखा हातात असल्या, तर पुढचे सरन्यायाधीश कोण होणार आणि किती दिवस राहणार, हे बरीच वर्षं आधी सांगता येतं.

नियम अगदी साधा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वयाच्या ६५व्या वर्षी निवृत्त होतात. सरन्यायाधीशांची खुर्ची रिकामी झाली की त्या दिवशी ज्येष्ठतेच्या यादीत जे सर्वांत वर असतील, ते तिथे बसतात. ज्येष्ठता वयावरून ठरत नाही, शपथेच्या क्रमावरून ठरते. रेशनच्या रांगेसारखंच: जो आधी उभा राहिला, तो आधी.

या रांगेतून काय काय बाहेर पडतं बघा. पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड वयाच्या ४०व्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात आले, ५२व्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात, आणि १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून जास्त काळ सरन्यायाधीश राहिले. इतकी वर्षं दुसऱ्या कुणालाच मिळालेली नाहीत. दुसऱ्या टोकाला कमल नारायण सिंह. १९९१ च्या नोव्हेंबरात त्यांनी शपथ घेतली आणि १७ दिवसांत ते निवृत्त झाले. खुर्ची तीच, अधिकार तेच.

कुणालाही वाटेल, हा काय वेडेपणा? लायकी बघून माणूस निवडा की! मलाही आधी तसंच वाटलं होतं. शिवाय ज्येष्ठतेची ही अट राज्यघटनेत कुठे लिहिलेलीही नाही. तो नुसता पायंडा आहे. मग तो इतका घट्ट का धरून ठेवलाय?

कारण तो मोडला तेव्हा काय झालं, हे आपण पाहिलंय.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. १३ न्यायमूर्तींपैकी ७ जणांनी सांगितलं, की संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने अजितनाथ रे यांचं नाव सरन्यायाधीशपदासाठी जाहीर केलं. रे रांगेत चौथे होते. त्यांच्या पुढचे तिघे, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर, सरकारला न आवडलेल्या बाजूने उभे राहिले होते. रे दुसऱ्या बाजूला होते. तिघांनीही राजीनामे दिले.

पुढे आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न होता, की सरकारने एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलं, तर त्याला कोर्टाचं दार ठोठावता येईल का? चौघे म्हणाले, आणीबाणी असेपर्यंत नाही. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे हंसराज खन्ना म्हणाले, येईल. जानेवारी १९७७ मध्ये रांगेत खन्नांचा नंबर आला, तेव्हा सरकारने त्यांना ओलांडून त्यांच्यामागच्या बेग यांना खुर्ची दिली. खन्नांनी राजीनामा दिला. बेग यांच्यानंतर चंद्रचूड आले.

म्हणजे ‘लायकी’ ठरवायचा हक्क सत्तेच्या हातात गेला, की लायकीचा अर्थ ‘आपल्या बाजूचा’ असा होऊ शकतो. आंधळ्या रांगेची किंमत तेव्हा कळते. रांगेला निकाल वाचता येत नाहीत, म्हणून ती कुणावर सूड उगवत नाही. इथवर आलो तेव्हा मी या नियमाच्या प्रेमातच पडलो होतो.

संध्याकाळी आत्या घरी आली. ती जिल्हा न्यायालयात वकिली करते. मी मोठ्या कौतुकाने तिला लॅपटॉप दाखवला. तिने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, “यात बायका किती आहेत रे?”

मी तो कॉलम केलाच नव्हता.

मग केला. सर्वोच्च न्यायालय सुरू झालं १९५० मध्ये. पहिली स्त्री न्यायमूर्ती, फातिमा बीवी, आल्या ६ ऑक्टोबर १९८९ ला. मधली ३९ वर्षं सगळे पुरुष. फातिमा बीवी त्याच वर्षी एप्रिलमध्ये केरळ उच्च न्यायालयातून ६२व्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्यामुळे दिल्लीत त्यांना मिळाली जेमतेम अडीच वर्षं. दुसऱ्या आल्या १९९४ मध्ये, आपल्या सुजाता मनोहर. मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं, आणि तिथली पहिली स्त्री न्यायमूर्ती म्हणजे याच सुजाताबाई, १९७८ मध्ये. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं १९९७ मध्ये ज्या तिघांच्या खंडपीठाने दिली, त्यात त्या होत्या. आज आमच्या ऑफिसात त्या विषयाचं ट्रेनिंग दरवर्षी होतं, त्याचं मूळ तिथे आहे.

आत्या म्हणाली, “रांग सरळ आहे रे तुझी. पण आम्हाला रांगेत उभं कधी राहू दिलं, ते बघ.”

तेही बघितलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा १८९२ लाच पास झाल्या होत्या. पण केवळ स्त्री म्हणून वकिली करता येणार नाही, हा अडसर दूर करणारा कायदा आला १९२३ मध्ये. उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायमूर्ती, ॲना चांडी, १९५९ मध्ये. वरच्या रांगेत वेळेवर पोचायचं, तर खालच्या रांगेत तरुणपणी शिरावं लागतं. बायका प्रत्येक दारापाशी उशिरा पोचल्या, किंवा त्यांना उशिरा आत घेतलं गेलं. ६५ ची रेषा मात्र सगळ्यांना सारखीच.

सगळ्यांत चटका लावणारी नोंद २८ जानेवारी २००० ची आहे. त्या दिवशी शपथ घेणाऱ्यांत योगेशकुमार सभरवाल होते आणि रूमा पाल होत्या. एकच दिवस, पण क्रमात सभरवाल आधी. नोव्हेंबर २००५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. जून २००६ मध्ये रूमा पाल निवृत्त झाल्या, तेव्हा ते खुर्चीवरच होते. क्रम उलटा असता, तर त्या सात महिने सरन्यायाधीश झाल्या असत्या, आणि त्यांच्यानंतर सभरवालांनाही सात महिने मिळालेच असते. त्यांचा जन्म जानेवारी १९४२ चा, पालबाईंचा जून १९४१ चा. मी हे दोनदा मोजून पाहिलं. पालबाई गेल्यावर एप्रिल २०१० पर्यंत त्या न्यायालयात एकही स्त्री नव्हती.

आता पुढची तारीख. ३१ ऑगस्ट २०२१ ला एकाच दिवशी नऊ जणांनी शपथ घेतली, त्यांत तीन स्त्रिया होत्या. त्यांतल्या बी. व्ही. नागरत्ना या वयाने आणि क्रमाने अशा जागी आहेत, की रांग मोडली नाही, तर २४ सप्टेंबर २०२७ ला त्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश होतील. त्यांचे वडील ई. एस. वेंकटरामय्या हेही सरन्यायाधीश होते. फातिमा बीवींनी शपथ घेतली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

नागरत्ना यांना मिळतील ३६ दिवस. हा आकडा कुठून आला? त्यांच्या आधीचे विक्रम नाथ यांनीही त्याच दिवशी शपथ घेतली आहे, क्रमात त्यांच्या पुढे. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १९६२ चा, नागरत्ना यांचा ३० ऑक्टोबर १९६२ चा. दोन वाढदिवसांमधलं अंतर, तेवढीच कारकीर्द.

म्हणून रांग मोडावी का? १९७३ आणि १९७७ वाचल्यावर माझी तरी तसं म्हणायची हिंमत होत नाही. रांग राहू दे. पण उच्च न्यायालयात कोणत्या वकिलाला कोणत्या वयात घ्यायचं, ही निवड माणसंच करतात. तिथे पंचेचाळिशीच्या आतल्या बायका दिसल्या, तर वीस वर्षांनी वरचं गणित आपोआप बदलेल.

मी स्प्रेडशीटमध्ये चौथा कॉलम ठेवलाय. आणि फोनमध्ये २४ सप्टेंबर २०२७ ला एक रिमाइंडर. त्या दिवशी शुक्रवार आहे. आत्याला कोर्ट असेल, तिला दुपारच्या सुट्टीत फोन करायचाय.