पूर्वाध्ययनाचे श्रेयांकन : अमेरिकन उच्च शिक्षणातील एक ऐतिहासिक वळण

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या प्रभावामुळे अमेरिकेत अध्ययनाचे मोजमाप तासिकांवरून होऊ लागले. वर्गाबाहेर मिळविलेल्या ज्ञानाला या व्यवस्थेत फारसे स्थान नव्हते.

महायुद्धांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. पहिल्या महायुद्धानंतर काही महाविद्यालयांनी केवळ लष्करी सेवेबद्दल सैनिकांना सरसकट श्रेयांक बहाल केले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मात्र ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ने लष्करी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रमनिहाय मूल्यमापन करून महाविद्यालयांना शिफारशी केल्या. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’मुळे माजी सैनिक मोठ्या संख्येने महाविद्यालयांत आले, तेव्हा ही पद्धत उपयोगी ठरली.

पुढे हेच तत्त्व नागरी जीवनात उतरले. कॉलेज बोर्डाने १९६७ मध्ये ‘कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम’ सुरू केला. त्यातून परीक्षेद्वारे श्रेयांक मिळविण्याचा मार्ग खुला झाला. १९७४ मध्ये आरंभलेल्या ‘सी.ए.ई.एल.’ या प्रकल्पाने अनुभवजन्य अध्ययनाच्या मूल्यमापनाचे निकष विकसित केले. श्रेयांक अनुभवाला नव्हे, तर अनुभवातून सिद्ध झालेल्या अध्ययनाला द्यावयाचा, हे त्यांचे मूलसूत्र होय.

भारतात २०२१ मध्ये श्रेयांक बँकेची नियमावली आली आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने पूर्वाध्ययनाचीही दखल घेतली. अशा वेळी हा इतिहास उद्‌बोधक ठरतो. नोकरदार, गृहिणी व कारागीर यांचे ज्ञान नाकारणे अन्यायकारक. परंतु ते न तपासता मान्य केल्यास पदवीचेच अवमूल्यन होईल. या दोहोंमधील समतोल अखेरीस परीक्षक प्राध्यापकाच्या विवेकावरच अवलंबून आहे.