स्क्वॉ

अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट भाषेत ‘स्क्वा’ म्हणजे बाई. साधा, घरातला शब्द. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तोंडी त्याचा ‘स्क्वॉ’ झाला आणि पुढे खंडभरच्या मूलनिवासी बायकांना हिणवणारी शिवी. जमिनीसोबत बाईचं नावही बळकावलं गेलं! शेकडो डोंगर-ओढ्यांना तो शब्द चिकटला. फिनिक्समधल्या अशाच एका शिखराला आता लोरी पिएस्टेवा या होपी जमातीतल्या सैनिक बाईचं नाव आहे. ती २००३ मध्ये इराकमध्ये मारली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अंतर्गत व्यवहार मंत्री डेब हालँड, स्वतः लगुना प्वेब्लो या मूलनिवासी जमातीच्या, यांच्या खात्याने जवळपास ६५० ठिकाणांवरून हा शब्द पुसला. योग्यच केलं. ईशान्येच्याच अबेनाकी या मूलनिवासी लोकांमधून मात्र वेगळा आवाजही उठला होता: शब्द आमचा आहे, आम्हाला परत हवा. त्यांच्या भाषेत बाईवाचक शब्दांच्या शेवटी अजून तोच ‘स्क्वा’ ऐकू येतो.