‘हेवी मेटलवाला’ पिकअप म्हणजे नक्की कुठला?

हेडफोन असतील तर लावा, कारण आज आपण आवाजाबद्दलच बोलणार आहोत.

तर झालं असं. माझ्याकडे जी इलेक्ट्रिक गिटार आहे ती खरं तर माझी नाही. ती माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याने ती घेतली, चार वर्षं बँडमध्ये वाजवली आणि नोकरीसाठी जर्मनीला जाताना आमच्याकडे ठेवून गेला. "वाजव, पण नीट सांभाळ," एवढंच म्हणाला. मागच्या महिन्यात आमचा एक छोटा कार्यक्रम ठरला आणि बरोबर सतरा दिवस आधी तिचा ब्रिजकडचा पिकअप गेला. आवाज एकदम पातळ, शेजारच्या घरात रेडिओ लागलाय असा.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या मागे एक काका ॲम्प्लिफायर आणि वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, "एका कॉइलची तार आतून तुटलीय. नवीन टाक. कसला हवाय?"

मी ऐटीत म्हटलं, "हेवी मेटलवाला."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे कसला?"

आणि खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त "सगळ्यात पॉवरफुल" एवढंच होतं. घरी येऊन वाचायला बसलो आणि हळूहळू लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या यादीत नाहीये, ते इतिहासात आहे. तोच इतिहास आज तुम्हाला सांगतो.

आधी पिकअप म्हणजे काय ते दोन वाक्यांत. एक चुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी चिमूटभर वीज तयार होते. मायकल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच नायलॉनच्या तारांच्या गिटारवर हा पिकअप मुका राहतो.

1930 च्या आसपास गिटारवाल्यांचा प्रॉब्लेम साधा होता: ब्रास बँडच्या गोंगाटात त्यांची गिटार कुणाला ऐकूच यायची नाही. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराचे चुंबक वापरून एक हवाइयन गिटार बाजारात आणली. ती दिसायला इतकी तव्यासारखी होती की तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ पडलं. तिचं पेटंट मिळायला 1937 उजाडलं.

गिटार ऐकू यायला लागली, पण तिच्याबरोबर एक बिनबोलावलेला पाहुणाही आला. घरघर. कॉइल ही एक प्रकारची अँटेनाच असते. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांची वीज ती पकडते. गंमत बघा, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेत 60 ची. म्हणजे पुण्यातल्या घरघरीचा सूर आणि शिकागोतल्या घरघरीचा सूर वेगळा! आपली घरघर जी या सुराच्या जरा वर बसते.

ही घरघर घालवायचं काम गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरकडे आलं. त्याची युक्ती शाळेतल्या गणितासारखी आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायच्या, पण एकमेकींच्या उलट जोडायच्या. बाहेरची घरघर दोघींत सारखीच शिरते, पण एकीत अधिक आणि दुसरीत उणे, म्हणून बेरीज शून्य. मग तारेचा आवाजही शून्य होईल ना? नाही होत, कारण त्याने दुसऱ्या कॉइलचा चुंबकीय ध्रुवही उलटा ठेवला. उणे गुणिले उणे म्हणजे अधिक! तारेचा आवाज टिकतो, घरघर जाते. हाच हमबकर. पेटंटचा अर्ज 1955 चा, गिटारवर तो आला 1957 मध्ये आणि पेटंट मिळालं 1959 मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी लेबल चिकटवायचे. त्याच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपना आजही ‘पीएएफ’ म्हणतात आणि जुने मिळाले तर लोक वेड्यासारखे पैसे मोजतात.

इथे एक मिनिट थांबा. सेथ लव्हरला स्वच्छ आणि शांत आवाज हवा होता. मेटल नावाचा प्रकार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. फाटका, गुरगुरणारा आवाज हा त्याच्या लेखी दोषच असणार. पण पुढे हेवी मेटल ज्या पिकअपवर उभं राहिलं, तो हाच.

आता चला इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला. कारखान्यांचं शहर. 1965 मध्ये टोनी आयोमी नावाचा 17 वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायचं ठरलेलं, शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये हात सापडला. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे हा त्याचा तारा दाबायचा हात. निराश होऊन बसलेला असताना कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. या जँगोची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली होती, तरी तो जगातल्या मोठ्या गिटारवादकांपैकी एक झाला. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून स्वतःसाठी बोटांची टोपणं बनवली, त्यावर चामडं लावलं आणि हलक्या तारा शोधल्या.

ऑक्टोबर 1969. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम लंडनमध्ये रेकॉर्ड होतोय. हातात वेळ जेमतेम एका दिवसाचा. आयोमीची आवडती गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर. एक गाणं झालं आणि तिचा पिकअप गेला!

हे वाचताना मी अक्षरशः उठून बसलो. माझ्यासारखंच! फरक एवढाच की माझ्याकडे सतरा दिवस होते, त्याच्याकडे काही तास. त्याने जोडीला ठेवलेली गिब्सन एसजी उचलली आणि बाकीचा अल्बम तिच्यावर वाजवला. 13 फेब्रुवारी 1970 ला तो बाहेर आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात.

आणि त्या एसजीवर कुठले पिकअप होते? पी-90. म्हणजे हमबकर नव्हेच, घरघर करणारे एका कॉइलचे पिकअप! हेवी मेटलचा पहिला अल्बम ‘मेटलवाल्या’ पिकअपवर वाजलेलाच नाही. तो वाजला एका जखमी हातावर, हलक्या तारांवर आणि हाताशी होत्या त्या दुसऱ्या गिटारवर. पुढे 1971 च्या अल्बममध्ये काही गाण्यांना आयोमीने गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला आणि आवाज आणखी जडही झाला.

तेव्हा दुकानात जाऊन ‘मला दुसरा पिकअप द्या’ असं म्हणायची सोय जवळपास नव्हतीच. गिटारमध्ये आला तो पिकअप आपला. आयोमीने पुढे बर्मिंगहॅममधल्या जॉन बर्च या कारागिराकडून पिकअप करून घेतले. बाजार बदलला 1972 मध्ये, जेव्हा न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला. सुटा विकला गेलेला पहिला बदली पिकअप म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

त्याने केलं काय? तारेचे वेढे वाढवले आणि ॲल्निकोच्या जागी ताकदवान सिरॅमिक चुंबक घातला. जुन्या पीएएफचा रोध साधारण 7 ते 9 किलोओहम, याचा 13 च्या पुढे. कारण असं की त्या काळच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला फाटका आवाज काढायला लावायचं तर तो कान फुटेपर्यंत मोठा करावा लागायचा. पिकअपनेच जास्त जोराचा सिग्नल ढकलला की ॲम्प आधीच गुरगुरायला लागतो. किस बँडच्या एस फ्रेलीने तो वापरला आणि पोरांच्या उड्या पडल्या. 1976 मध्ये सेमूर डंकननेही कॅलिफोर्नियात कंपनी काढली.

मग एडी व्हॅन हेलन. त्याने जुन्या गिब्सनमधून काढलेला पीएएफ आपल्या जोडतोड गिटारला लावला, पण मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारायला लागला. सैल वेढे हलले की ते माइकसारखे वागतात. त्याने सरळ पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला! वेढे घट्ट बसले, शिट्टी गेली. आज मेटलसाठी विकले जाणारे बहुतेक पिकअप मेणात बुडवूनच येतात.

शेवटचा मोठा टप्पा ईएमजी. रॉब टर्नरने 1976 मध्ये कॅलिफोर्नियातच कामाला सुरुवात केली. त्याचा विचार बरोबर उलटा: वेढे कमी घालायचे आणि पिकअपच्या पोटातच 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प ठेवायचा. घरघर अगदी कमी, केबल लांब असली तरी आवाज बोथट होत नाही आणि प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो. मेटॅलिकाच्या वेगवान रिफना हेच हवं होतं. ईएमजी 81 हे नाव मेटलवाल्यांच्या तोंडी बसलं.

आमचा दादा 2011 मध्ये मेटॅलिका ऐकायला रात्रभर रेल्वेने बंगळुरूला गेला होता. परत आल्यावर "एक दिवस या गिटारला ईएमजी लावणार" हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की ते माझंही स्वप्न होऊन बसलं. म्हणून मी उत्साहात एक सेकंडहँड ॲक्टिव्ह सेट घेऊनही टाकला होता. काकांनी गिटार उघडली आणि म्हणाले, "बॅटरीला जागा नाही. लाकूड कोरावं लागेल. आवाजाची आणि टोनची बटणंही बदलावी लागतील, ही 500 ची आहेत, त्याला 25 ची लागतात. मी कोरून देईन. पण कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही, आणि गिटार तुझी नाही म्हणतोस."

मी गप्प.

त्या रात्री वहीत लिहिलं. फ्राइंग पॅन: गिटार ऐकू येत नाही. हमबकर: घरघर. सुपर डिस्टॉर्शन: ॲम्प गुरगुरत नाही. मेण: शिट्टी. ईएमजी: वेगात आवाज गढूळ होतो. प्रत्येक पिकअप कुणाच्या तरी एका ठरावीक अडचणीचं उत्तर आहे. मग माझी अडचण काय?

आम्ही गिटार खाली उतरवून वाजवतो, म्हणजे जाड तारांचा खर्ज गढूळ व्हायला नको. आमचा फाटका आवाज येतो लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून, त्यात गुरगुर हवी तेवढी आहे. म्हणजे ‘सगळ्यात पॉवरफुल’ची मला गरजच नव्हती. उलट पिकअप फार तापट असला तर सगळं एकमेकांत कालवलं जातं. आणि लाकूड कापायचं नव्हतं.

तुम्हीही पिकअप घ्यायला निघाला असाल तर आधी हेच स्वतःला विचारा. मी काय ट्यूनिंगला वाजवतो? फाटका आवाज कुठून येतो, ॲम्पमधून की सॉफ्टवेअरमधून? पिकअप ब्रिजकडचा आहे की मानेकडचा? तारांमधलं अंतर मोजलंय का? आत जागा किती आहे? आणि किलोओहमचा आकडा बघून भुलू नका. तार बारीक असली तरी तो आकडा वाढतो, तो ताकदीचं मोजमाप नाही. सगळ्यात आधी मात्र मल्टिमीटर लावून घ्या. कधी कधी पिकअप ठणठणीत असतो आणि नुसतं सोल्डर सुटलेलं असतं.

मी शेवटी मध्यम ताकदीचा, सिरॅमिक चुंबकाचा, बॅटरी न लागणारा हमबकर घेतला. जुन्याच खाचेत बसला. तो सेकंडहँड सेट थोडं नुकसान सोसून विकला. कार्यक्रम झाला. समोर साठ-सत्तर लोक होते, पण खर्ज स्वच्छ आला.

जुना पिकअप काकांनी कागदात गुंडाळून दिला. तो केसमध्ये ठेवलाय. दादाला व्हिडिओ कॉलवर गिटार दाखवली, घाबरत घाबरतच. म्हटलं, "ईएमजी नाही लावला रे."

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कापली नाहीस ना कुठे?"

"नाही."

"मग झालं तर. वाजवून दाखव."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गिटारमध्ये कुठला पिकअप आहे आणि तो कुठल्या अडचणीपायी आला, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत वाजवत राहा आणि शेजाऱ्यांशी भांडू नका!